स्तनातील सौम्य व कर्कपूर्व बदल : विविध लोकसमूहांतील आढळ आणि जळगाव जामोद परिसराच्या संदर्भात त्याचा अर्थ

प्रस्तावना

स्तनात गाठ हाताला लागली की पहिली शंका कर्करोगाची येते आणि बहुधा ती शंका बोलून दाखविण्यापूर्वीच दडपली जाते. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद परिसरात ‘स्तन’ हा शब्दही सहसा उच्चारला जात नाही. ‘छातीत गाठ आली’ असे म्हटले जाते आणि तेही घरातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीजवळ. वस्तुतः स्तनातील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु ‘बहुसंख्य’ हा शब्द दिलासा देतो तितकाच फसवतोही. विशीतील विद्यार्थिनीच्या बाबतीत तो जवळजवळ नेहमी खरा ठरतो. पन्नाशी ओलांडलेल्या शेतमजूर स्त्रीच्या बाबतीत त्याच्यावर विसंबून वर्षभर थांबणे प्राणावर बेतू शकते.

सौम्य आणि कर्कपूर्व बदल कोणत्या लोकसमूहात किती प्रमाणात आढळतात, हा प्रश्न वरकरणी साध्या गणनेचा वाटतो. प्रत्यक्षात या विषयावरील आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. चार टक्के, दहा टक्के, वीस टक्के, पन्नास टक्के आणि नव्वद टक्केसुद्धा, असे सर्व आकडे प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकांत सापडतात आणि त्यांतील कोणताही खोटा नाही. ही विसंगती कशी निर्माण होते, लोकसमूहांतील खरा फरक तीतून कसा वेगळा काढावा आणि ज्या तालुक्याची स्वतःची आकडेवारी नाही तेथे या ज्ञानाचा उपयोग कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बदलांचे स्वरूप

स्तन हे आयुष्यभर बदलत राहणारे इंद्रिय आहे. दूध तयार करणाऱ्या खंडिका आणि ते वाहून नेणाऱ्या नलिका पौगंडावस्थेत वाढतात, दर महिन्याच्या पाळीबरोबर फुगतात व ओसरतात, गरोदरपणात पूर्ण विकसित होतात आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास आक्रसू लागतात. इंग्लंडलगतच्या वेल्समधील कार्डिफ येथील ह्यूज, मॅन्सेल आणि वेबस्टर या शल्यचिकित्सकांनी १९८७ मध्ये मांडलेली उपपत्ती या संदर्भात महत्त्वाची आहे. सौम्य म्हणून ओळखले जाणारे बहुतेक विकार हे विकासाच्या व ऱ्हासाच्या नैसर्गिक क्रमातील थोडेसे चुकलेले पाऊल होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पंधरा ते पंचविशीच्या काळात एखादी खंडिका गरजेपेक्षा अधिक वाढली की फायब्रोअ‍ॅडेनोमा तयार होतो. ही रबरासारखी घट्ट, गुळगुळीत गाठ बोटाखाली सहज सरकते. पंचविशी ते चाळिशीपर्यंत पाळीपूर्वी होणारी ठणक व स्तनाचा गाठाळपणा आढळतो. त्यानंतरच्या ऱ्हासकाळात पाण्याने भरलेल्या पुटी आणि नलिकांचे रुंदावणे दिसू लागते.

या उपपत्तीमुळे एक जुना गोंधळ पुष्कळसा निवळला. ‘फायब्रोसिस्टिक रोग’ असे नाव कित्येक दशके सरसकट वापरले जात होते. १९८२ मध्ये सुसान लव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी याला रोग म्हणावे काय, असा प्रश्न एका गाजलेल्या लेखात उपस्थित केला. हाताने तपासता हा ‘रोग’ निम्म्या स्त्रियांत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहता सुमारे नव्वद टक्के स्त्रियांत आढळत असेल, तर त्याला रोग म्हणण्यात अर्थ राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आज ‘फायब्रोसिस्टिक बदल’ असा सौम्य शब्दप्रयोग रूढ झाला आहे. ग्रामीण भागातील चिठ्ठ्यांवर मात्र जुने नाव अद्याप दिसते आणि ते वाचून एखादी स्त्री उगाच आयुष्यभराची रोगी होते.

कर्कपूर्व बदलांची गोष्ट निराळी आहे. नलिकेच्या आतील अस्तरात सामान्यतः पेशींचे दोन थर असतात. आतील थरातील पेशींची संख्या वाढली की तिला पेशीवृद्धी म्हणतात. या वाढलेल्या पेशी नेहमीच्याच, भिन्न भिन्न आकारांच्या व एकमेकींत मिसळलेल्या असतील, तर धोका किंचितच वाढतो. त्या एकसारख्या दिसू लागल्या, ठराविक साच्यात मांडल्या गेल्या, की तिला अप्रारूपी पेशीवृद्धी असे म्हणता येईल. याच पेशी नलिका भरून पसरल्या, परंतु नलिकेची भिंत ओलांडून बाहेर पडल्या नाहीत, तर तो नलिकेतील मूळस्थानी कर्करोग होय. यांतील सीमारेषा निसर्गाने आखलेली नाही. अप्रारूपी बदल दोन मिलिमीटरपेक्षा अधिक पसरलेला असेल किंवा दोन नलिका पूर्णपणे व्यापत असेल तर त्याला मूळस्थानी कर्करोग म्हणावे, असा व्यवहारातील संकेत आहे. १.९ आणि २.१ मिलिमीटर यांत जीवशास्त्रीय दरी काही नसते.

याचा परिणाम निदानावर होतो. अमेरिकेतील ११५ विकृतिशास्त्रज्ञांना एकाच प्रकारचे काप वाचावयास देऊन केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पसरलेल्या कर्करोगाबाबत त्यांचे निदान तज्ज्ञमंडळाच्या निर्णयाशी ९६ टक्के जुळले. अप्रारूपी बदलांबाबत मात्र ते केवळ ४८ टक्केच जुळले. ज्या बदलाच्या नावावर तज्ज्ञांचेच निम्म्याहून कमी वेळा एकमत होते, त्याच्या आढळाची दोन देशांत तुलना करताना किती सावध असावे लागेल, हे यावरून ध्यानात येईल.

आकडा कोणत्या गटातून आला?

आढळाचा प्रत्येक आकडा म्हणजे एक अपूर्णांक असतो आणि त्याचा छेद कोणता हे सांगितल्याशिवाय अंशाला अर्थ नसतो. स्तनविकारांच्या बाबतीत किमान चार निरनिराळे छेद वापरले जातात : गावातील सर्व स्त्रिया, तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या स्त्रिया, बायोप्सी झालेल्या स्त्रिया आणि अन्य कारणाने मृत्यू पावून शवविच्छेदन झालेल्या स्त्रिया.

यांपैकी बायोप्सीच्या गटावर सर्वांत भक्कम काम झाले आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे ड्युपाँ आणि पेज यांनी दहा हजारांहून अधिक सौम्य बायोप्सींचे काप पुन्हा तपासले आणि ३,३०३ स्त्रियांचा सरासरी सतरा वर्षे मागोवा घेतला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ७० टक्के बायोप्सींत पेशीवृद्धी नव्हतीच आणि त्या स्त्रियांचा कर्करोगाचा धोका वाढलेला नव्हता. साधारण २६ टक्क्यांत साधी पेशीवृद्धी होती व धोका दुपटीच्या जवळ होता. उरलेल्या सुमारे ४ टक्क्यांत अप्रारूपी पेशीवृद्धी होती आणि त्यांचा धोका पाचपटीहून अधिक होता. आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी कुणाला स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर तो याहूनही अधिक वाढत असे. पुढे मेयो क्लिनिकने ९,०८७ स्त्रियांवर केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच वाटणी जवळपास जशीच्या तशी आढळली : दोन तृतीयांश निरुपद्रवी, तीस टक्के साधी पेशीवृद्धी, चार टक्के अप्रारूपी. त्याच संस्थेच्या पुढील मागोव्यात अप्रारूपी बदल असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांना पंचवीस वर्षांत कर्करोग झाला. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे : सुमारे सत्तर टक्के स्त्रियांना तो झाला नाही. ‘कर्कपूर्व’ या शब्दातील ‘पूर्व’ हे अटळ भवितव्य सुचविते. म्हणून रुग्णाशी बोलताना हा शब्द जपून वापरावा लागतो.

शवविच्छेदनाच्या गटात चित्र पूर्णतः बदलते. डेन्मार्कमध्ये न्यायवैद्यकीय शवविच्छेदन झालेल्या ११० तरुण व मध्यमवयीन स्त्रियांचे स्तन अतिशय बारकाईने तपासले गेले. १९८७ च्या त्या अहवालानुसार सुमारे २० टक्के स्त्रियांत कर्करोग आढळला. तो बहुतांशी मूळस्थानी स्वरूपाचा होता आणि त्यांतील जवळपास कुणालाही हयातीत त्याची गंधवार्ता नव्हती. अशा तेरा अभ्यासांतील २,३६३ शवविच्छेदनांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अप्रारूपी पेशीवृद्धी ९.८ टक्के, मूळस्थानी कर्करोग ८.९ टक्के आणि पसरलेला परंतु अज्ञात कर्करोग एक टक्क्याहून कमी असे सरासरी प्रमाण निघाले. निरनिराळ्या अभ्यासांतील तफावत मात्र फार मोठी होती. तिचे एक प्रमुख कारण अगदी यांत्रिक आहे : कुणी प्रत्येक स्तनाचे सरासरी ९ काप पाहिले, तर कुणी २७५. शोधणारा जितका चिकाटीचा, तितका रोग अधिक! हाच न्याय जिवंत स्त्रियांनाही लागू पडतो. मॅमोग्राफीचा प्रसार होण्यापूर्वी अमेरिकेत मूळस्थानी कर्करोगाचे निदान क्वचितच होत असे; आता नव्याने निदान होणाऱ्या स्तन-कर्करोगांत त्याचा वाटा सुमारे एक पंचमांश आहे. भारतात अशी संघटित मॅमोग्राफी नाही, त्यामुळे येथे हे निदान विरळा होते. भारतीय स्त्रियांत हा बदल मुळातच कमी आहे, असा निष्कर्ष त्यावरून काढणे तर्काला धरून होणार नाही.

लोकसमूहांतील फरक : खरा किती, भासमान किती?

मोजमापाची ही भेसळ वजा केल्यावरही लोकसमूहांत काही फरक शिल्लक राहतोच. न्यू मेक्सिकोमध्ये १९८०च्या दशकात याच हेतूने एक शवविच्छेदन-अभ्यास झाला. तेथील गौरवर्णीय, हिस्पॅनिक आणि मूळनिवासी इंडियन या तीन समूहांत कर्करोगाचे प्रमाण भिन्न होते. म्हणून ५१९ स्त्रियांचे स्तन एकाच पद्धतीने तपासून कर्करोगाआधीच्या पायऱ्यांतही तसाच फरक दिसतो काय, हे पाहण्यात आले. या अभ्यासाचे मोल त्याच्या रचनेत आहे : एकच प्रयोगशाळा, एकच पद्धत, वेगळे समूह. तत्पूर्वी १९७८ मध्ये जपानमधील आणि हवाई बेटांवर स्थायिक झालेल्या जपानी वंशाच्या स्त्रियांची अशीच तुलना झाली होती. स्थलांतरित समूहात स्तनांचे आकारमान आणि पेशीवृद्धीचे बदल दोन्ही अधिक आढळले. वंश तोच, भूमी बदलली, आहार व जननवर्तन बदलले आणि त्याबरोबर ऊतकांचे चित्रही बदलले. वंशाने सर्व काही ठरते असे मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

जननवर्तनाचा प्रभाव किती खोल आहे हे १९७० च्या सुमारास सात केंद्रांत झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवून दिले होते. अठरा वर्षांच्या आत पहिले अपत्य झालेल्या स्त्रीचा स्तन-कर्करोगाचा धोका पस्तिशीनंतर पहिले अपत्य झालेल्या स्त्रीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. तीस देशांतील ४७ अभ्यासांच्या २००२ मधील एकत्रित विश्लेषणानुसार स्तनपानाच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी आणि प्रत्येक प्रसूतीमागे ७ टक्क्यांनी घटतो. विदर्भाच्या खेड्यांत स्तनाचा कर्करोग शहरांपेक्षा कमी असण्यामागे अनेक प्रसूती व दीर्घ स्तनपान यांचा वाटा असावा, हे यावरून उघड होते. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. या आकड्यांचा आधार घेऊन लवकर लग्न लावण्याचे समर्थन कुणी करू नये. अल्पवयीन मातृत्वाने रक्तक्षय, मातामृत्यू आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचे जे ओझे मुलीच्या माथी येते, त्यापुढे हा लाभ नगण्य होय.

सौम्य गाठींच्या बाबतीत भारतीय व आफ्रिकी रुग्णालयांच्या अहवालांत फायब्रोअ‍ॅडेनोमाचा क्रमांक बहुधा पहिला लागतो. पाश्चात्त्य दवाखान्यांत पुटी, ठणक व फायब्रोसिस्टिक बदलांच्या तक्रारींचा भरणा मोठा असतो. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन स्त्रियांतही फायब्रोअ‍ॅडेनोमा अधिक प्रमाणात व लहान वयात आढळतो, हे खरे आहे. तथापि भारतातील या क्रमवारीचे श्रेय केवळ शरीररचनेला देता येणार नाही. येथील लोकसंख्या तरुण आहे, आणि फायब्रोअ‍ॅडेनोमा हा तरुण वयाचा विकार आहे. शिवाय पाळीपूर्वीच्या ठणकेसाठी कापूस वेचणी बुडवून दवाखान्यात जाणारी स्त्री दुर्मीळच. ती जाते ती गाठ हाताला ठसठशीत लागल्यावर. तेव्हा दवाखान्याच्या नोंदवहीत ठणक कमी आणि गाठ अधिक दिसणे क्रमप्राप्त आहे.

एक फरक मात्र निःसंशय खरा आहे आणि तो जंतुसंसर्गाचा. स्तनपानाच्या काळातील दूध साकळणे, त्यातून होणारे गळू आणि स्तनाचा क्षयरोग हे विकार भारतीय नोंदींत ठळकपणे येतात. स्तनाच्या क्षयाचे पहिले वर्णन लंडनच्या अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२९ मध्ये केले. परंतु पाश्चात्त्य रुग्णालयांत तो आज स्तनविकारांच्या ०.१ टक्क्याहूनही कमी आढळतो, तर भारतासाठी सुमारे ३ ते ४ टक्के असा आकडा वैद्यकीय वाङ्मयात वारंवार उद्धृत केला जातो. क्षयाची गाठ कठीण, वेडीवाकडी, क्वचित कातडीला चिकटलेली असते. ती हुबेहूब कर्करोगासारखी भासते, परंतु औषधांनी बरी होते. केवळ हाताच्या स्पर्शावरून निदान करून स्तन काढून टाकण्याचा सल्ला देणे किती घातक ठरू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

महाराष्ट्रातील पुरावा

लोकसमूहनिहाय तुलनेसाठी महाराष्ट्राएवढी समृद्ध भूमी भारतात क्वचितच असेल. भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. या नोंदींतून एक लक्षणीय बाब पुढे आली : पारशी स्त्रियांत स्तन-कर्करोगाचे प्रमाण मुंबईतील अन्य समाजांपेक्षा बरेच अधिक होते. शहर एकच, हवा-पाणी एकच. भेद होता तो उशिरा होणारे विवाह, मोजकी अपत्ये, अविवाहितांचे अधिक प्रमाण, समाजाचे अधिक सरासरी वय आणि समाजांतर्गत विवाहामुळे टिकून राहिलेला आनुवंशिक वारसा यांचा.

दुसरे टोक बार्शीचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. खेड्यातील रुग्ण आपण होऊन नोंदणीकडे येत नाही, म्हणून नोंदणीचे कार्यकर्तेच गावोगाव फिरू लागले. त्यांच्या बैठकांमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे १९९५ मध्ये नोंदविले गेले. मोजणी हीच अर्धी चिकित्सा ठरली, असे म्हणावयास हरकत नाही. मुंबईत स्तन-कर्करोगाचे वयानुरूप प्रमाण दर लाख स्त्रियांमागे सुमारे ३४ आहे. बार्शीचे त्याच्या निम्म्याहूनही कमी.

मात्र या नोंदणीत केवळ कर्करोगच मोजला जातो. फायब्रोअ‍ॅडेनोमा, पुटी, गळू, साधी वा अप्रारूपी पेशीवृद्धी यांना तेथे रकाना नाही. त्यामुळे सौम्य बदलांबाबत महाराष्ट्रातील माहिती वैद्यकीय महाविद्यालयांच्या विकृतिशास्त्र विभागांतून येते, म्हणजेच जी गाठ दवाखान्यापर्यंत पोहोचली आणि जी सुईखाली वा सुरीखाली गेली तिचीच. त्यातही भारतात सर्वाधिक प्रचलित असलेली चाचणी एफएनएसीची. बारीक सुईने पेशी शोषून काचपट्टीवर पसरविण्याची ही पद्धत स्वस्त, जलद आणि फायब्रोअ‍ॅडेनोमा व कर्करोग यांत भेद करण्यास बव्हंशी समर्थ आहे. अप्रारूपी पेशीवृद्धी आणि मूळस्थानी कर्करोग यांत ती खात्रीने भेद करू शकत नाही. कारण तो भेद पेशींच्या मांडणीवर व विस्तारावर ठरतो आणि सुईत मांडणी विस्कटते. अशा वेळी अहवालात ‘अप्रारूपी’ एवढेच लिहिले जाते आणि जाड सुईने किंवा शस्त्रक्रियेने ऊतकाचा तुकडा घेणे अपरिहार्य होते. तो तुकडा घेतला गेला नाही तर कर्कपूर्व बदलाची नोंद कायमची राहून जाते. भारतीय अहवालांत कर्कपूर्व बदल कमी दिसण्याचे हेही एक कारण होय.

लवकर शोध घेण्याचा सर्वांत मोठा प्रयोगही महाराष्ट्रातच झाला. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांना दोन गटांत विभागले. एका गटाची दर दोन वर्षांनी चार वेळा प्रशिक्षित स्त्री-आरोग्यसेविकांनी हाताने स्तनतपासणी केली. वीस वर्षांच्या मागोव्यानंतर २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात प्रगत अवस्थेतील कर्करोग ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. एकंदर मृत्युदरातील १५ टक्के घट संख्याशास्त्रीय निकषावर निर्णायक ठरली नाही. परंतु पन्नास वर्षांवरील स्त्रियांत ती जवळपास ३० टक्के होती. यंत्राशिवाय, डॉक्टरांशिवाय, केवळ शिकविलेल्या बोटांनी एवढे साध्य झाले. तरुण स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसला नाही, हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

जळगाव जामोद परिसराच्या संदर्भात

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, उस्मानाबाद-बीड आणि बार्शी या केंद्रांची आकडेवारी आहे. बुलढाणा जिल्हा त्यांत नाही. त्यामुळे या तालुक्यासाठी कोणता आकडा उसना घ्यावा, हा प्रश्न उरतो. मुंबईचा आकडा येथे लावणे चुकीचे ठरेल. नॅशव्हिलची चार टक्क्यांची वाटणी बायोप्सी झालेल्या स्त्रियांची आहे. ती गावातील सर्व स्त्रियांना लावणे त्याहून चुकीचे. बार्शी व वर्धा या शेतीप्रधान भागांचे चित्र अधिक जवळचे असू शकते, पण तालुक्याचा समाजही एकजिनसी नाही. पूर्णेकडील खारपाण पट्ट्यातील कापूस पिकविणारी गावे, जळगाव शहर आणि भिंगारा, गोमाल यांसारख्या सातपुड्यातील आदिवासी वस्त्या यांत विवाहाचे वय, अपत्यसंख्या, आहार आणि दवाखान्याचे अंतर या सर्वच बाबतींत फरक आहे. मध्य प्रदेशाची सीमा लागून असल्याने डोंगरातील काही रुग्ण बऱ्हाणपूरकडेही जातात आणि मग ते कोणत्याच जिल्ह्याच्या हिशेबात धड बसत नाहीत.

शासकीय व्यवस्थेतून काही मोजणी होते. २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्यानुसार ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा हाताने स्तनतपासणी अपेक्षित आहे. आशा कार्यकर्ती जो तक्ता भरते त्यात स्तनातील गाठ, बोंडातून रक्तमिश्रित स्राव आणि स्तनाच्या आकारातील बदल यांविषयी प्रश्न आहेत. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अवघ्या ०.९ टक्के स्त्रियांनी स्तनतपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले. शिवाय हा तक्ता तिशीनंतर सुरू होतो. फायब्रोअ‍ॅडेनोमाचे वय आणि स्तनपानकालीन गळवांचे वय बव्हंशी त्याच्या आधीच संपते. कर्करोग नोंदणीला सौम्य गाठ नको असते आणि तपासणीच्या तक्त्याला तरुण स्त्री नको असते. या दोन्हींच्या मधल्या फटीत नेमकी महाविद्यालयातील विद्यार्थिनी सापडते.

म्हणूनच या विषयाचा संबंध महाविद्यालयीन अध्यापकांशी येतो. विद्यार्थिनींच्या वयात स्तनातील सरकणारी, गुळगुळीत गाठ बहुतांशी फायब्रोअ‍ॅडेनोमाचीच असते. तिची सोनोग्राफी आणि आवश्यक वाटल्यास सुईची तपासणी करून घेतली की पुष्कळदा नुसते लक्ष ठेवणे पुरते. गाठ फार मोठी वा वेगाने वाढणारी असेल तर ती काढली जाते. या वयात स्तनाचे ऊतक दाट असल्याने मॅमोग्राफीचा उपयोग अल्प असतो. परंतु ही माहिती नसल्यामुळे मुलगी महिनोन्‌महिने भीतीत राहते, किंवा लग्न ठरण्यास अडचण येईल म्हणून घरचे लोक गाठ लपवितात, किंवा लेप आणि मालिश सुरू होते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रक्तगट तपासला जातो, हिमोग्लोबिन तपासले जाते. स्तनातील गाठीबद्दल महिला अध्यापकाने अर्धा तास बोलावे, एवढी जागा तेथे निश्चितच निघू शकते.

त्याच मुलीच्या आईच्या बाबतीत सल्ला उलट द्यावा लागतो. वयाबरोबर गाठ सौम्य असण्याची शक्यता घटत जाते आणि भारतात स्तन-कर्करोगाचे रुग्ण सरासरीने पाश्चात्त्यांपेक्षा सुमारे दशकभर लहान, पन्नाशीच्या आसपासचे असतात. ‘दुखत नाही, म्हणून दाखविले नाही’ हे वाक्य खेड्यातील प्रत्येक डॉक्टरच्या परिचयाचे आहे. दुखणाऱ्या गाठी बहुधा सौम्य असतात. न दुखणारी, कठीण, न सरकणारी गाठ हीच अधिक चिंतेची असते. लोकसमजूत येथे बरोबर उलटी आहे. चाळिशीनंतर नव्याने लागलेली कोणतीही गाठ हाताची तपासणी, छायाचित्रण आणि सुई वा ऊतकाचा तुकडा या तिन्ही कसोट्यांवर पारखल्याशिवाय सौम्य समजू नये. जळगाव जामोदच्या ग्रामीण रुग्णालयापासून ही वाट खामगावकडे किंवा २००२ मध्ये सुरू झालेल्या अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाते. मजुरी बुडवून, सोबत कुणाला तरी घेऊन, अहवालासाठी पुन्हा दुसरी खेप करणे, हा खर्च चाचणीच्या शुल्कापेक्षा जड असतो. कित्येक काचपट्ट्यांचे अहवाल न्यावयास कुणी येत नाही ते याचमुळे.

तालुक्याची स्वतःची आकडेवारी उभी करावयाची असेल तर तिची सुरुवात मोठ्या यंत्रसामग्रीने करण्याची गरज नाही. ग्रामीण रुग्णालयात आणि शहरातील खाजगी शल्यचिकित्सकांकडे स्तनातील गाठ घेऊन आलेल्या प्रत्येक स्त्रीची एका वहीत, नाव वगळून, नोंद करता येईल : वय, गाव, पहिल्या अपत्याच्या वेळचे वय, अपत्यांची संख्या, स्तनपानाचा एकूण काळ, गाठ प्रथम लक्षात आल्यापासून दवाखान्यात येईपर्यंत गेलेले महिने, सुईच्या तपासणीचा अहवाल, आणि ऊतकाचा तुकडा घेतला असल्यास त्याचे निदान. काढलेली प्रत्येक गाठ, ती कितीही साधी वाटो, ऊतकपरीक्षेसाठी पाठविली गेली पाहिजे. ‘साधीच होती’ म्हणून टाकून दिलेल्या गाठीबरोबर तिच्या कडेला असू शकणारा अप्रारूपी बदलही टाकला जातो. गृहविज्ञान, समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र या विभागांना अशा वहीचे विश्लेषण रुग्णालयाच्या नैतिक समितीची संमती घेऊन करता येईल. त्यातही एक पथ्य पाळावे लागेल. पहिल्या दोन-तीन वर्षांत गाठींची संख्या वाढलेली दिसेल. ती रोगाची वाढ नसून नोंदीची वाढ असेल, आणि आदिवासी वस्त्यांतील नोंदी कमी दिसल्या तर प्रथम तेथून रुग्णालयापर्यंतचा रस्ता पाहावा लागेल, मग शरीरशास्त्र.